पिंगला उत्तर आलं नाही, म्हणजे नेमकं काय?

गेल्या पावसाळ्यात मी हमरापूरला गणपतीच्या कारखान्यांत मुलाखती घेत होतो. सहा रेकॉर्डिंग लॅपटॉपवर, दुसरी प्रत कुठेच नाही, आणि विद्यापीठाच्या सर्व्हरवर एकही फाइल चढेना. कमांड प्रॉम्प्ट उघडून सर्व्हरला पिंग केलं. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट.' सर्व्हर बंद आहे, असा मेसेज मी सरांना टाइपही केला होता.

तुम्हीही हाच निष्कर्ष काढला असता. पण पिंग कधीचं आहे ते बघा. माइक मूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत लिहिलं. नाव सोनारच्या आवाजावरून. हाक मारायची, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, बस्स. तेव्हाचं नेटवर्क ओळखीच्या संस्थांचं होतं. १९८९ च्या नियमावलीत (आरएफसी ११२२) तर प्रत्येक यंत्राने या हाकेला ओ दिलीच पाहिजे असं लिहिलंय. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईच्या एनसीएसटीतून अमेरिकेला जाणारी लाइन होती ९.६ किलोबिटची! त्या काळात उत्तर नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं धरणं रास्त होतं. पुढे नेटवर्क अनोळखी लोकांनी भरलं, फायरवॉल आल्या, आणि अनेक सर्व्हर मुद्दाम गप्प बसू लागले. कमांड तीच राहिली, गप्प बसण्याचा अर्थ बदलला. जुना दस्तऐवज वाचताना आपण हे सांभाळतो, पण स्क्रीनसमोर विसरतो.

मग मी जवळून सुरुवात केली. आयपीकॉन्फिग: पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे फोनच्या हॉटस्पॉटने तो दिलाय. (१६९.२५४ दिसला असता तर पत्ताच मिळालेला नाही, पुढे बघायची गरज नाही.) गेटवेला पिंग: लगेच उत्तर. एनएसलुकअप: सर्व्हरच्या नावाचा पत्ता मिळाला. ब्राउझरमध्ये त्याचं पान हळूहळू का होईना, पण उघडलं! म्हणजे सर्व्हर जिवंत होता, फक्त पिंगला बोलत नव्हता. शेवटी ८.८.८.८ ला वीस वेळा पिंग केलं, त्यातली सात पाकिटं हरवली.

दोष माझ्याच बाजूला होता. मी पत्र्याच्या शेडमध्ये अगदी आत बसलो होतो, शेजारी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चालली होती. फोन घेऊन बाहेर ओटीवर आलो, पुन्हा वीस पिंग, एकही हरवलं नाही. पाच मुलाखती संध्याकाळपर्यंत चढल्या, सहावी रात्री. सरांचा मेसेज पाठवण्याआधीच खोडला होता.