विजेविना टिकणारी स्मृती

डिजिटल कॅमेऱ्यात घालावयाचे एस. डी. कार्ड टपालाच्या तिकिटाएवढे असते. लांबी ३२ मिलिमीटर, रुंदी २४, वजन सुमारे दोन ग्रॅम. वीज बंद झाली तरी त्यावरील चित्रे पुसली जात नाहीत. हे कसे साधले आणि ज्याने साधले त्याच्या पदरी काय पडले, एवढेच आज पाहू.

मूळ कल्पना १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत दावोन कांग व सायमन झी यांनी मांडली. चहूबाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेल्या एका सूक्ष्म कोठडीत इलेक्ट्रॉन ढकलावयाचे. वाट नसल्याने ते वर्षानुवर्षे तेथेच राहतात. कोठडी भरलेली की रिकामी, यावरून एक आणि शून्य वाचता येतात. अडचण होती ती पुसण्याची. १९७१ साली निघालेली इप्रॉम चिप पुसण्यासाठी अतिनील किरणांखाली ठेवावी लागे. पुढे विजेने पुसली जाणारी स्मृती आली. परंतु एकेक अक्षर स्वतंत्रपणे पुसता यावे म्हणून तीत दर घरास दोन ट्रान्झिस्टर लागत आणि ती महाग पडे.

जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी तो हट्टच सोडला. पाटीवरचे एकेक अक्षर खोडीत न बसता सबंध पाटी एका हाताने पुसावी, तशी त्यांनी पुष्कळ घरे एकदम पुसण्याची योजना केली. घरामागे एकच ट्रान्झिस्टर पुरला. हे क्षणात होणारे पुसणे पाहून शोजी आरीइझुमी या सहकाऱ्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. तेच नाव रूढ झाले. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत हा शोध मांडला गेला. १९८७ साली त्याचा अधिक दाटीचा 'नँड' हा प्रकार आला, आणि १९९९ साली मात्सुशिता, सॅनडिस्क व तोशिबा यांनी मिळून एस. डी. कार्ड जाहीर केले.

मासुओका मात्र १९९४ सालीच कंपनी सोडून तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. शोधाच्या मोबदल्यासाठी २००४ साली त्यांनी तोशिबावर शंभर कोटी येनचा दावा लावला. २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली.

कोणी म्हणेल, प्रयोगशाळा कंपनीची, पगार कंपनीचा, मग शोधही कंपनीचाच. यात तथ्य नाही असे नाही. परंतु तीच यंत्रसामग्री आणि तसाच पगार पुष्कळांना मिळतो. सबंध पाटी एकदम पुसावी, हे एखाद्यालाच सुचते. त्या सुचण्याचे मोल पगारातच चुकते झाले, असे मला वाटत नाही.