निःशस्त्र अपराधी आणि शासनाचे बळ

डिचोली तालुक्यातील मुळगाव हे केळबाईचे गाव. लोकपरंपरा या देवीला शिरगावच्या लईराईची आणि पेडणे तालुक्यातील मोरजे येथील मोरजाईची बहीण मानते. डिचोली आणि पेडणे यांचे नाते असे देवळांपासून जडलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे दोन्ही महाल पोर्तुगेजांच्या हाती गेले आणि 'नव्या काबिजादीं'त गणले जाऊ लागले. तरी सीमेपलीकडील दोडामार्ग, बांदे, आरोंदे या गावांशी त्यांचा सोयरसंबंध आणि बाजारहाट अखंड चालू राहिला. १९५४-५५ साली निःशस्त्र सत्याग्रही गोमंतकात शिरले ते या सीमेवरच्या वाटांनी. त्यांचा इतिहास आजवर बलिदानाच्या अंगाने लिहिला गेला आणि ते यथोचितच झाले. येथे आम्ही तो दुसऱ्या अंगाने पाहू इच्छितो. ज्याने प्रचलित कायदा उघडपणे मोडला, परंतु ज्याच्या हाती शस्त्र नाही आणि ज्याला पळूनही जावयाचे नाही, अशा अपराध्यावर शासनाने किती बळ वापरावे, हा तो प्रश्न होय. 'अपराधी' हा शब्द आम्ही केवळ तत्कालीन कायद्याच्या अर्थाने योजतो, हे सांगावयास नकोच.

पोर्तुगेज राजवटीला बंड नवे नव्हते. सत्तरीच्या राण्यांनी तिच्याशी वारंवार शस्त्रांनी सामना केला. १८५२ साली दीपाजी राणे यांनी उभारलेले बंड तीन वर्षे चालले आणि अखेर १८५५ साली सरकारला त्यांच्याशी तह करावा लागला. शस्त्र घेऊन आलेल्याशी लढावे आणि लढाई आवरेना तर त्याच्याशी बोलणी करावीत, ही रीत त्या राजवटीला ठाऊक होती. शस्त्राविना येणाऱ्याशी कसे वागावे, याची रीत मात्र तिच्यापाशी नव्हती.

ही उणीव १८ जून १९४६ रोजी मडगावात प्रथम दिसली. डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस सभेसाठी आले, तेव्हा प्रशासक मिरांडा याने लोहियांवर पिस्तूल रोखले. लोहियांनी ते शांतपणे बाजूस सारले. गोळी सुटली नाही. दोघांना अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. त्या दिवशी रक्त सांडले नाही याचे श्रेय लोहियांच्या धीराला आहेच. पण ज्याचा चाप ओढला गेला नाही त्या हातालाही ते थोडे द्यावे लागते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने पेडणे महालातील तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. तेव्हाही सरकारने अटकेचाच मार्ग धरला.

पुढच्या वर्षी चित्र पालटले. पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीच्या वतीने १८ मे १९५५ रोजी पहिली मोठी तुकडी सीमा ओलांडून गेली. तिच्या अग्रभागी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट होते. बापटांचे वय त्या वेळी चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. गोरे यांना दहा वर्षांची आणि जुलैत आलेल्या मधु लिमये यांना बारा वर्षांची शिक्षा फर्मावण्यात आली. दोघेही १९५७ च्या फेब्रुवारीत सुटले. सामान्य सत्याग्रह्याच्या वाट्याला बहुधा खटलाही येत नसे. त्याला बेदम मारावे आणि सीमेपलीकडे टाकून द्यावे, असा परिपाठ पडला. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावयास हवा. अटक करताना लागणारे बळ आणि अटक झाल्यावर वापरलेले बळ ही दोन सर्वस्वी निराळी होत. पहिल्याला निदान प्रयोजन असते. दुसरे ही केवळ शिक्षा असते आणि तीही न्यायाधीशावाचून दिलेली.

मुळगावच्या शेजारच्या अस्नोड्याचे बाळा राया मापारी यांचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. ते आझाद गोमंतक दलाचे, म्हणजे सशस्त्र मार्गाचे कार्यकर्ते. फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांच्या कोठडीत झालेल्या छळाने त्यांचा अंत झाला. ते सत्याग्रही नव्हते, हे खरे. परंतु हातात बेडी पडल्यावर सशस्त्र बंडखोरही निःशस्त्रच होतो आणि त्यानंतर त्याच्यावर उगारलेल्या हाताला कोणतीही सबब उरत नाही. त्या काळी ज्याच्या नावाने गोमंतकात थरकाप होई, तो पोलीस अधिकारी काझिमिरो मोंतेरो पुढे १९६५ साली जनरल उंबेर्तो देलगादो या पोर्तुगेज विरोधी नेत्याच्या हत्येत सामील होता. पोर्तुगालच्याच न्यायालयाने त्याला त्याबद्दल दोषी ठरविले. वसाहतीत बंद्यांवर चालवलेला हात मायदेशीच्या माणसांवरही चालतो, याचा हा दाखला होय.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी तीन हजारांहून अधिक सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी सीमेवर आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि वीसच्या वर माणसे मृत्यू पावली. पेडण्यातील पत्रादेवी येथे मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय हाती ध्वज असता गोळीने जखमी झाल्या आणि पंजाबचे तरुण कर्नेलसिंग यांना वीरमरण आले. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी पडले.

हजारो माणसे सीमा ओलांडून येत असता कोणत्या शासनाला भय वाटणार नाही, असा आक्षेप येथे घेता येईल. तो अगदीच टाकाऊ नाही. परंतु मे महिन्यापासून तुकड्यांमागून तुकड्या येत होत्या, मार खात होत्या आणि हात उगारीत नव्हत्या. तीन महिन्यांचा हा अनुभव समोर असता भयाला आधार उरला नव्हता. सत्याग्रह्यांच्या वर्तनात काडीचाही फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो त्यांच्या संख्येत. थोडे आले तेव्हा अटक, अधिक आले तेव्हा मार, आणि हजारो आले तेव्हा गोळी, अशी ती चढण आहे. बळाचे प्रमाण धोक्यावरून ठरले नाही, शासनाच्या गैरसोयीवरून ठरले. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. सूचना देणे, थांबणे, वाट अडविणे, एकेकाला हाताने धरून नेणे, यांना माणसे लागतात, वेळ लागतो आणि तुरुंगात जागा लागते. गोळीला यांतले काहीच लागत नाही.

हा दोष पोर्तुगेजांचाच, असे म्हणून सुटता येत नाही. तेरेखोलला लागून असलेल्या शिरोड्यास मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा इंग्रजी अमलातील पोलिसांच्या लाठ्या निःशस्त्रांवरच पडल्या होत्या. आणि पत्रादेवीनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, स्वतंत्र भारताच्या पोलिसांनी मुंबईत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार केला. त्यात पंधरा माणसे गेली. पुढे हुतात्म्यांची संख्या शंभरावर पोचली. मुंबईच्या जमावात सत्याग्रहाची शिस्त सर्वत्र होती असे नाही आणि दोन्ही प्रसंग एका मापाने मोजता येणार नाहीत. तथापि ज्या देशाने ऑगस्टमध्ये परक्यांच्या गोळीचा धिक्कार केला, त्याला नोव्हेंबरात स्वतःची गोळी आवरता आली नाही, हे मराठी माणसाने विसरू नये.

आज कायद्याचे शब्द निःसंदिग्ध आहेत. १९९० साली हवाना येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने स्वीकारलेली तत्त्वे असे सांगतात की, जमाव बेकायदा पण अहिंसक असेल तर त्याला पांगविताना बळ टाळावे आणि ते शक्य नसेल तर किमान तेवढेच वापरावे. अटक झालेला मनुष्य पळून जाऊ नये यासाठी आवश्यक तेवढाच अटकाव करावा, हा भारतीय फौजदारी प्रक्रियेतील जुना नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. परंतु सीमेवर किंवा चौकात उभ्या असलेल्या शिपायाच्या हाताला संहिता वाचता येत नाही. त्याला जे शिकविले असेल आणि वरून जो हुकूम आला असेल, तेच त्याचा हात जाणतो. सत्याग्रह्यांनी मार खाण्याचीही शिस्त अंगी बाणविली होती. शिपायाला थांबण्याची शिस्त कोणी दिली नव्हती.

अध्यापक वर्गापुढे म्हणूनच आमची एक विनंती आहे. पत्रादेवीचा धडा शिकविताना कर्नेलसिंगांचे आणि हिरवे गुरुजींचे स्मरण आदराने करावेच. पण समोरच्या बंदूकधाऱ्यालाही वर्गात आणावे. त्याला कोणता हुकूम होता, त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता आणि तो त्याने का धरला नाही, हे मुलांना विचारावे. डिचोलीतील वा पेडण्यातील त्याच वर्गातून उद्या कोणी मोर्च्यात चालणार आहे आणि कोणी पोलिसाचा गणवेश चढवून त्याच मोर्च्यासमोर उभा राहणार आहे. दोघेही आपलेच विद्यार्थी असतील.