न आलेले आमंत्रण

सॅन फ्रान्सिस्को येथे येशूसंघीय धर्मगुरूंनी १८५५ साली स्थापिलेल्या विद्यापीठाचा १९५१ सालचा अमेरिकन फुटबॉल संघ आम्हांस विशेष स्मरणीय वाटतो. विद्यापीठ लहान, साधने तुटपुंजी. तरीही प्रशिक्षक ज्यो कुहारिच यांच्या हाताखाली या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले. आता वर्षारंभी दक्षिणेत होणाऱ्या मानाच्या ‘बाउल’ सामन्याचे आमंत्रण येईल, अशी साऱ्यांना आशा होती. विद्यापीठाला त्या उत्पन्नाची निकडही होती. फुटबॉलचा खर्च झेपेनासा झाला होता.

परंतु दक्षिणेत तेव्हा वर्णभेद प्रबळ होता. निरोप आला तो अटीसह: ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून या. संघाने साफ नकार दिला. आमंत्रण आले नाही आणि त्या हंगामानंतर विद्यापीठाने हा संघच बंद केला.

पुढे गिनो मार्केटी, बॉब सेंट क्लेअर आणि मॅटसन या तिघांना व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात स्थान मिळाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे टोलर यांचे खेळणे थांबले. पण १९६५ साली ते राष्ट्रीय फुटबॉल लीगचे पहिले कृष्णवर्णीय पंच झाले. २००६ साली विद्यापीठाने त्या संघातील हयात खेळाडूंना मानद डॉक्टरेट दिली.

आपल्या शाळा-महाविद्यालयांचे मोठेपण आम्ही बहुधा कपाटातील चषकांवरून मोजतो. सहकाऱ्याला दाराबाहेर ठेवून मिळणारा चषक या तरुणांनी नाकारला. ती रिकामी जागाही आम्ही मोजावयास शिकले पाहिजे.