पत्र पावलं का?

सांगली-मिरजेच्या पटवर्धनांची पत्रं वासुदेवशास्त्री खरे यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापली. त्या काळच्या उत्तरांत आधी ‘पत्र पावले’ अशी पोच भेटते. जासूद निघाला म्हणजे पत्र पोहोचलं असं नाही; पोच घेणाऱ्याकडूनच यायला हवी.

संगणकांनाही हेच लागू पडलं. १९७१ मध्ये अभय भूषण यांनी एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. १९८५ च्या नियमांत फाइल नीट पोहोचल्याची पोच म्हणजे २२६ हा आकडा. पण शेल स्क्रिप्टमधली जुनी एफटीपी कमांड फाइल अडकली तरी बरेचदा शून्य, म्हणजे ‘काम झालं’, सांगून मोकळी होते.

तेव्हा दफ्तरातल्या कागदांचे फोटो रात्री आपोआप पाठवत असाल, तर त्या शून्यावर विसंबू नका. नोंदीत २२६ शोधा, दोन्हीकडचा चेकसम जुळवा. मगच कॅमेऱ्याचं कार्ड पुसा.