थडग्यावरची एक ओळ

दिवाळीच्या फराळाशी थडग्याची गोष्ट काढतो आहे, म्हणून वाचकांनी रागावू नये. गोष्ट आहे अमेरिकेच्या दुसऱ्या अध्यक्षाची, जॉन अ‍ॅडम्सची. म्हातारपणी, १८१५ साली, त्याने एका पत्रात लिहिले की, आपल्या थडग्यावर दुसरे काही कोरू नये; १८०० साली फ्रान्सशी शांतता करण्याची जबाबदारी या माणसाने आपल्या शिरावर घेतली, एवढेच लिहावे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासाठी भांडलेला, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला हा गृहस्थ; आणि त्याला अभिमान कशाचा, तर एका तहाचा! मी हे प्रथम वाचले तेव्हा मला नवल वाटले. मग त्या तहाच्या मागे लागलो.

अमेरिका तेव्हा बाल्यावस्थेत होती. १७७८ च्या तहाने फ्रान्स तिचा दोस्त झाला होता आणि त्या दोस्तीच्या बळावरच इंग्रजांचे जोखड निघाले होते. पण १७९३ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांचे युद्ध जुंपले आणि या लहान राष्ट्राची अवस्था दोन रेड्यांच्या झुंजीत सापडलेल्या झाडासारखी झाली. वॉशिंग्टनने तटस्थता जाहीर केली. १७९४ मध्ये इंग्लंडशी करार झाला, तेव्हा फ्रान्सला तो विश्वासघात वाटला. फ्रेंचांनी वर्षभरात तीनशेंवर अमेरिकन गलबते पकडली. उलट हात उगारावा, तर आरमार कुठे होते? क्रांतियुद्धातले शेवटचे लढाऊ जहाज १७८५ मध्येच विकून टाकलेले!

१७९७ मध्ये अ‍ॅडम्स अध्यक्ष झाला, तोही जेफर्सनवर अवघ्या तीन मतांनी मात करून. त्याने तीन वकील पॅरिसला पाठवले. तेथला परराष्ट्रमंत्री तालेराँ मोठा बेरकी माणूस. त्याचे मध्यस्थ रात्रीबेरात्री येऊन सांगू लागले : आधी पन्नास हजार पौंड मंत्र्यांना द्या, शिवाय फ्रान्सला भलेमोठे कर्ज द्या, मग बोलणी. वकिलांनी साफ नकार दिला. १७९८ च्या एप्रिलमध्ये हे कागद अमेरिकेत छापून निघाले आणि देशात संतापाची आग भडकली. मध्यस्थांच्या नावांऐवजी कागदांत नुसती अक्षरे घातली होती, त्यामुळे लोकांचे कुतूहल अधिकच चाळवले.

माझ्या मते खरी कसोटी इथून पुढची. अपमान झाला होता. तो खरा होता. आणि युद्ध पुकारले असते, तर अ‍ॅडम्सला लोकांनी डोक्यावर घेतले असते. तो स्वतःही काही दिवस लष्करी पोशाख करून मिरवत होता. नवे आरमार उभे राहिले, समुद्रावर चकमकी सुरू झाल्या. त्याच जोशात सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात घालणारा कायदा झाला आणि त्यावर अ‍ॅडम्सने सही केली. मॅथ्यू लायन नावाच्या प्रतिनिधीला चार महिने कैद भोगावी लागली. हा डाग पुसता येण्यासारखा नाही आणि मी पुसणारही नाही. मोठी खडी फौज जमू लागली. सेनापती म्हणून नाव वॉशिंग्टनचे, पण सूत्रे हॅमिल्टनच्या हाती. अ‍ॅडम्सला धास्ती वाटू लागली ती फ्रेंचांपेक्षा या घरच्या फौजेची.

तशात नेल्सनने नाईलच्या मुखाशी फ्रेंच आरमार बुडवले. फ्रेंच सैन्य अटलांटिक ओलांडून येण्याचा संभव उरला नाही. तालेराँकडूनही निरोप आला की, आता वकील आला तर त्याचा मान राखला जाईल. १८ फेब्रुवारी १७९९ रोजी अ‍ॅडम्सने मंत्रिमंडळाला न विचारता सिनेटला चिठ्ठी धाडली : विल्यम व्हॅन्स मरे यांना फ्रान्सकडे वकील नेमावे. त्याच्याच पक्षाचे लोक थक्क झाले! मंत्री वॉशिंग्टनच्या वेळचेच, आणि त्यांतले प्रमुख सल्ला घेत हॅमिल्टनचा. त्यांनी महिनोन्‌महिने काम रेंगाळत ठेवले, आणि अ‍ॅडम्स मात्र क्विन्सीच्या घरी बसून राहिला. (ही त्याची चूकच.) अखेर ऑक्टोबरमध्ये तो ट्रेंटनला आला. हॅमिल्टन समजूत घालायला धावून आला, पण त्याचे काही चालले नाही. वकील निघाले. पुढच्या मे महिन्यात अ‍ॅडम्सने दोन मंत्र्यांना घरचा रस्ता दाखवला.

फ्रान्समध्ये आता नेपोलियनची सत्ता होती. ३० सप्टेंबर १८०० या तारखेने करार झाला. पकडलेल्या गलबतांची भरपाई पुढे सोडून द्यावी लागली, परंतु जुन्या दोस्तीच्या बेडीतून अमेरिका सुटली आणि युद्ध टळले. इकडे निवडणूक आली होती. हॅमिल्टनने आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध पत्रक लिहिले. केवळ तहामुळे अ‍ॅडम्स हरला असे मी म्हणणार नाही. तो कायदा आणि नवे करही लोकांना जाचत होते. पण पक्ष दुभंगला तो तहावरून. कराराचा मसुदा राजधानीत पोचला तेव्हा डिसेंबर उजाडला होता आणि निर्वाचकांची मते पडून गेली होती : जेफर्सन आणि बर यांना प्रत्येकी ७३, अ‍ॅडम्सला ६५. त्याच सुमारास मुलगा चार्ल्स वारल्याची बातमी आली.

४ मार्च १८०१. दुपारी जेफर्सनचा शपथविधी व्हायचा होता. पहाटे चार वाजता, दिवस उजाडण्याआधीच, अ‍ॅडम्स गाडीत बसून वॉशिंग्टनमधून निघून गेला.