दीड गुणाचे अंतर : पॅरिस, २४ मे १९७६
#इतिहास #धागा

१/ १८० पैकी १२७.५ आणि १८० पैकी १२६. दोन वाइनना मिळालेल्या गुणांच्या या बेरजा. अंतर अवघे दीड गुणाचे; पण त्या दीड गुणाने फ्रान्सचे शतकानुशतकांचे श्रेष्ठत्व मोडीत काढले, असे आजही सांगितले जाते. या कथेत घटना किती आणि आख्यायिका किती, ते पाहू.

२/ आधी पार्श्वभूमी. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या इच्छेनुसार बॉर्डोच्या वाइनची प्रतवारी झाली. ती ठरवली दलालांनी, मुख्यतः बाजारभाव पाहून. तरीही ती जणू शिलालेख ठरली. लाल वाइनच्या यादीत पुढे एकच मोठा बदल झाला : १९७३ साली शातो मूतों-रॉथशिल्डला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. हे नाव ध्यानात असू द्या.

३/ दुसरीकडे कॅलिफोर्निया. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी होती. त्यात तेथील वाइननिर्मितीची परंपराच तुटली. १९६० च्या दशकात नापाच्या खोऱ्यात नव्या पिढीने पुन्हा प्रारंभ केला खरा. पण पॅरिसमध्ये त्यांची नावेही कोणाला ठाऊक नव्हती.

४/ स्टीव्हन स्परियर हे पॅरिसमध्ये वाइनचे दुकान आणि वाइनशिक्षणाची शाळा चालवणारे ब्रिटिश गृहस्थ. अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे निमित्त साधून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी पॅट्रिशिया गॅलगर यांनी चाखणीचा कार्यक्रम योजला. हेतू फ्रान्सला हरवण्याचा नव्हता. या नव्या वाइन जाणकारांच्या जिभेपर्यंत पोहोचाव्यात, एवढाच होता.

५/ तुलना समान द्राक्षजातींची होती. पांढऱ्या वाइनमध्ये शार्डने : सहा कॅलिफोर्नियाच्या, चार बर्गंडीच्या. लाल वाइनमध्ये कॅबर्ने सॉव्हिन्योंवर आधारलेल्या सहा कॅलिफोर्नियाच्या, चार बॉर्डोच्या. नऊही परीक्षक फ्रेंच, आणि सारे मातब्बर : रोमाने-कोंतीचे ओबेर द व्हिलेन, वाइनविषयक नियतकालिकाच्या संपादिका ओदेत कान, नामवंत उपाहारगृहांचे धुरीण. नावे झाकलेली. प्रत्येक वाइनला २० पैकी गुण.

६/ पांढऱ्या वाइनपासून प्रारंभ झाला. एका परीक्षकाने नापाची शार्डने चाखली आणि आता आपण फ्रान्समध्ये परतलो, अशा अर्थाचे उद्गार काढले! बेरीज झाली तेव्हा प्रथम क्रमांकावर होती शातो माँटेलेना, १९७३. ती घडवणारे माइक गर्गिच हे क्रोएशियातून अमेरिकेत गेलेले स्थलांतरित.

७/ हा निकाल लाल वाइनची फेरी होण्यापूर्वीच जाहीर करण्यात आला. परीक्षक सावध झाले. कॅलिफोर्नियाची वाटेल त्या वाइनला कमी गुण देण्याचा प्रयत्नही काहींनी केला, असे सांगतात. तरी पहिली आली स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची वाइन : अवघ्या तीन वर्षांच्या वेलींची. दुसरी, दीड गुणाने मागे, १९७० ची मूतों-रॉथशिल्ड.

८/ ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियर यांनी ती दिली नाही. त्या दालनात पत्रकार एकच होता : 'टाइम' साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. वाइनची क्रमवार यादी त्यांच्या हाती असल्यामुळे कोणता परीक्षक कशाला काय म्हणतो, हे त्यांना त्याच क्षणी कळत होते. ७ जूनच्या अंकात त्यांचा छोटासा वृत्तान्त आला. फ्रेंच वृत्तपत्रे मात्र काही महिने मौन पाळून होती.

९/ आक्षेपही रास्त आहेत. सहा विरुद्ध चार ही विभागणी विषम होती. बॉर्डोच्या त्या वाइन अजून पुरत्या मुरलेल्या नव्हत्या. एकाच वाइनला परीक्षकांनी दिलेल्या गुणांत एवढी तफावत होती, की दीड गुणाच्या फरकाला संख्याशास्त्राच्या दृष्टीने वजन नाही. म्हणजे 'कॅलिफोर्निया श्रेष्ठ' हे त्या दिवशी सिद्ध झालेच नाही.

१०/ मुरण्याच्या आक्षेपाची कसोटी ३० वर्षांनी लागली. २००६ साली त्याच लाल वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे! या वेळी अग्रस्थानी होती रिज माँटे बेलो, १९७१.

११/ मग १९७६ साली सिद्ध काय झाले? नाव झाकले असता जाणकारांनाही देश ओळखता येईना, इतकेच. पण तेवढे पुरेसे होते. थोर वाइन फ्रान्सच्याच मातीत निपजते, हा समज त्यामुळे डळमळला. गंमत म्हणजे, एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा ते वाचले अमेरिकी वेलींच्या खुंटावर कलमे बांधून. आपल्याकडच्या द्राक्षबागाईतदारांना खुंटाचे महत्त्व सांगायला नको. 'शुद्ध फ्रेंच' वेलीचे मूळ बहुतेक ठिकाणी आधीच अमेरिकी होते.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून दोन गोष्टी घेता येतात. प्रतवारी ही निसर्गाची नसते. ती कोणीतरी, कधीतरी, कशासाठीतरी केलेली असते. आणि घटना घडणे पुरेसे नसते, ती नोंदवणारा लागतो. टेबर त्या दुपारी तिथे गेले नसते, तर या दीड गुणाची कथा कदाचित गुणपत्रिकांच्या चळतीतच राहिली असती.