पायऱ्या आणि गोंगाट

एका कचेरीच्या दाराशीं पांच पायऱ्या आहेत आणि चाकांच्या खुर्चींतील मनुष्य खालींच अडला आहे. त्याला कोण अडवितें? त्याचे पाय, कीं त्या पायऱ्या? गेल्या अर्धशतकांतील एका मोठ्या विचारपरिवर्तनाचें बीज या प्रश्नांत आहे.

इंग्लंडांत पॉल हंट यांनीं अपंगांच्या निवासी संस्थेंत अनेक वर्षें काढलीं होतीं. १९७२ सालीं 'गार्डियन' पत्रांतून त्यांनीं अपंगांना संघटित होण्याची हांक दिली. तींतून उभ्या राहिलेल्या संघटनेनें १९७६ सालीं आपलीं तत्त्वें प्रसिद्ध केलीं. वैगुण्य देहांत असतें, अपंगत्व मात्र समाज लादतो, असा भेद त्यांत केला होता. माइक ऑलिव्हर यांनीं १९८३ सालीं या विचाराला 'सामाजिक प्रतिमान' हें नांव दिलें.

मग मेंदूच्या निराळेपणाचें काय? १९९३ सालीं जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीनें टोरोंटोच्या परिषदेंत आईबापांना विनविलें कीं, आमच्या असण्याचा शोक करूं नका. पुढें १९९८ सालीं सिडनीच्या ज्यूडी सिंगर यांनीं आपल्या प्रबंधांत 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंची विविधता, हा विचार मांडला. तो एकट्या त्यांचा नव्हता. स्वमग्न मंडळींच्या आपसांतील चर्चेंतून तो आधींच आकार घेत होता. सामाजिक प्रतिमानाचा आधार त्याला होताच. परंतु येथें एक पाऊल पुढें पडलें. पूर्वींच्यांनीं वैगुण्य गृहीत धरिलें होतें. यांनीं विचारलें, याला वैगुण्य म्हणावें तरी कां?

पायऱ्यांशेजारीं उतरण बांधतां येते. गोंगाटानें व्याकुळ होणाऱ्या मुलासाठीं शांत खोली, लेखी सूचना, परीक्षेंत अधिक वेळ, हीच ती उतरण होय. तरीहि कांहीं क्लेश उरतात. अपस्माराचा झटका समाजाच्या सुधारणेनें थांबत नाहीं. त्याला औषधच लागतें. टॉम शेक्सपिअर या स्वतः अपंग असलेल्या समाजशास्त्रज्ञांनीं सामाजिक प्रतिमानावर असाच आक्षेप घेतला आहे, आणि तो रास्त आहे. उपचार आणि सन्मान यांत वैर मानण्याचें कारण नाहीं.

आपल्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या यादींत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यानें तिला स्थान दिलें आणि अपंग व्यक्तीच्या व्याख्येंतच अडथळ्यांचा उल्लेख केला. तेव्हां यापुढें एखादें मूल वर्गांत कानांवर हात ठेवून बसलेलें दिसलें, तर त्याला दटावण्यापूर्वीं त्या वर्गांतील गोंगाट आपण क्षणभर ऐकून पाहावा.